लूकसमामांचं पत्र

आमच्या संघाच्या वार्षिक सभेत पहिल्या दिवशी गीत आणि प्रार्थना झाली की अध्यक्ष म्हणतात, "आता मंडळ्यांचे सलाम." जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आमच्या सात मंडळ्यांचा हा संघ; मंडळी म्हणजे एकेका गावच्या चर्चची माणसं. एकेका मंडळीचा प्रतिनिधी उठतो, "आमच्या मंडळीचा सर्वांना प्रभूच्या नावात सलाम" एवढं म्हणतो आणि बसतो. पाच मिनिटांत काम आटपतं. पण वाडीच्या मंडळीचं नाव पुकारलं की जाणकार माणसं पाठ टेकून बसायची आणि कुणीतरी पाण्याची बाटली उघडायचं. लूकसमामा उठायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि हातात कागद नसताना सुरुवात करायचे.

"शेवंताबाईचा सलाम. गुडघं धरल्यात, यायला न्हाई जमलं, पर सलाम हाय. दानियल आन त्याच्या घरच्यांचा सलाम, कांदा काढायला लागल्यात. मार्थाबायचा सलाम. ती जरा रुसलीय सभेवर, मागल्या साली तिला चहा मिळाला न्हाई म्हनून, पर सलाम दिलाय तिनं."

अध्यक्ष घंटी वाजवायचे. "लूकसराव, सगळ्यांचा मिळून एकच द्या की."

"सगळ्यांचा मिळून मला कुनी दिलाच न्हाई, साहेब. ज्यानं त्यानं आपापला दिलाय. मी एकात कसा घालू?"

सभा हसायची. मामा हसायचे नाहीत. उरलेली नावं पुरी करूनच ते बसायचे आणि सभेहून परत गेल्यावर घरोघर जाऊन सभेचा सलाम पोचवायचे. शेवंताबाईंच्या खाटेपाशी उभं राहून "सभेनं सलाम सांगितलाय" म्हणायचे तेव्हा डोक्यावरची टोपी हातात घेतलेली असायची.

वाडी बेल्ह्यापासून चार किलोमीटर आत आहे. पन्नास-साठ घरं शेतकऱ्यांची आणि कडेला आमची ख्रिस्ती घरं. मी लहान असताना ती चौदा होती. माझी आई तिथली. वडील लवकर वारले आणि आम्ही आजोळीच वाढलो, त्यामुळे त्या वाडीतला प्रत्येक पुरुष माझा मामाच. लूकसमामा नात्याने लांबचे, पण घर आमच्या घराला लागून. ते मंडळीचे पंच होते, म्हणजे पाळकाच्या जोडीने कारभार बघणारे, आणि सेक्रेटरीही तेच. आमच्या मंडळीला स्वतःचा पाळक कधी परवडलाच नाही. महिन्यातून एका रविवारी ओतूरचे पाळकसाहेब येऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला, देऊन जायचे, बाकीचे रविवार मामाच उपासना चालवायचे. उपदेश त्यांना जमत नसे. ते बायबलचा उतारा वाचायचे आणि म्हणायचे, "आता यावर इचार करा." मग आम्ही सगळे पाच मिनिटं गप्प बसून विचार करायचो. मी बहुतेक जेवणाचा करायचे.

पोटापाण्याला ते पारगावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. हंगामात आठवडाभर तिकडेच, शनिवारी मोटारसायकलवर घरी. उसाची गाडी काट्यावर चढली की ते खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "खाली उतर! काट्यावरनं खाली उतर!" ड्रायव्हर, क्लीनर, उसावर बसून आलेली बाई, सगळी खाली उतरल्याशिवाय त्यांनी कधी वजन घेतलं नाही. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "मामा, माझ्या साठ किलोनं कारखाना बुडतोय व्हय?" मामा म्हणाले, "कारखान्याचं मला म्हाईत न्हाई. पर तू ऊस न्हाईस." ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि हिच्यावर लोक का हसतात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही असा माझा संशय आहे.

आमच्या मंडळ्यांत एक जुनी रीत आहे. सभासद एका गावाहून दुसऱ्या गावी राहायला गेला की जुनी मंडळी नव्या मंडळीला पत्र देते: हा आमचा पूर्ण सभासद, याला आपल्यात घ्यावं. पत्रावर पंचांची सही. नव्या मंडळीने त्याला घेतलं की ती पोच पाठवते, आणि पोच आली की जुन्या पटातलं नाव कमी होतं. त्याआधी नाही. बहुतेक ठिकाणी ही रीत आता सुटली आहे. लोक जिथे राहतात तिथे जाऊन बसतात आणि पत्राबित्राची कुणी चौकशी करत नाही. मामांना ते मंजूर नव्हतं. "मानूस यष्टीत बसून गेला म्हंजी गेला न्हाई," ते म्हणायचे. "त्याचं नाव हितंच बाकावर बसलेलं आसतं. त्याला बी धाडाया लागतं."

त्यांचा मुलगा नोकरीसाठी बायकोमुलांसह पुण्याला गेला, तेव्हा मामा त्याच महिन्यात पत्र घेऊन स्वतः एसटीने गेले. ते मोठं चर्च होतं. ऑफिसातला माणूस म्हणाला, "काका, असलं काही आम्ही ठेवत नाही." मामा उपासनेला बसले, उपासना संपल्यावर ऑफिसात येऊन बसले, आणि त्या माणसाला जेवायला जायचं होतं म्हणून त्याने अखेर कुठल्याशा पत्रकाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहून दिल्या. ती पोच मामांनी फाइलला लावली आणि मुलगा-सुनेची नावं पट्टी धरून कापली. आई म्हणाली होती, "लूकसदादा, पोटच्या पोराचं नाव कापताना हात नाय कापला?" मामा म्हणाले, "पोरगं माजंय. नाव मंडळीचं हाय."

माझ्या लग्नात मांडवात लोक भांडी देत होते तेव्हा मामांनी माझ्या हातात पत्र दिलं. "हे जपून ठीव. भांडी हरवली तरी चालत्यात." मी ते जपून ठेवलं. इतकं जपून की साड्यांच्या ट्रंकेत तळाशी गेलं आणि तिथेच राहिलं. माझं सासर मंचरचं; तिथले पाळक सासऱ्यांच्या ओळखीचे होते, त्यांनी पुढच्याच रविवारी माझं नाव पटात घेतलं आणि पत्र कुणी मागितलं नाही. पुढे मामा भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी म्हणायचे, "पोच आली न्हाई तुजी." मी म्हणायचे, "देते मामा." असं बावीस वर्षं चाललं. तो आमच्यातला विनोद आहे अशी माझी समजूत होती.

चार वर्षांपूर्वी मी संघाची कार्यवाह झाले. मी शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं. कार्यवाह म्हणजे पत्रं लिहिणं, इतिवृत्त लिहिणं, व्हॉट्सॅपवर सूचना टाकणं, आणि सभेआधी सगळ्या मंडळ्यांचे पट मागवून तपासणं. तपासायचं कारण असं की संघाच्या घटनेत एक कलम आहे: ज्या मंडळीत बारापेक्षा कमी पूर्ण सभासद उरतील ती जवळच्या मंडळ्यांत विलीन करावी. विलीन म्हणजे नाव गेलं, सभेतलं मत गेलं, चर्चला कुलूप, आणि सभासदांनी ज्याने त्याने आपलं पत्र घेऊन दुसऱ्या मंडळीत जायचं. हे कलम डोंगराकडची एक मंडळी बंद करताना घातलं गेलं, मी तेव्हा शाळेत होते. सूचक कोणीतरी दुसरे, अनुमोदक लूकसमामा. जुन्या इतिवृत्तातली ती सही मी वाचली आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पट आले. वाडीच्या पटात मामांच्या अक्षरात बारा नावं होती आणि बारावं नाव माझं होतं. मंचरच्या पटातही मी होतेच. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बघत बसले. मला धक्का वगैरे काही बसला नाही. नावं तेवढी पुन्हा एकदा मोजली.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. दोन पट शेजारी ठेवून बघणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण मी रविवारी दुपारी वाडीला गेले. राहेलमामी जाऊन तीन वर्षं झाली होती, मामा एकटेच ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"मामा, पटातलं बारावं नाव माझं आहे."

"हाय की."

"मंचरच्या पटातही आहे."

"आसंल." त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मी खोटं न्हाई केलं, सुमन. पोच न्हाई तर नाव काढता येत न्हाई. नियम हाय." मग लसणाचा पुढचा गड्डा फोडला. "पर तू परभूभोजन कुठं घेतीस ते मला म्हाईत व्हतं. सारी वर्सं म्हाईत व्हतं."

मी म्हटलं, "राहू द्या मग. मी मंचरच्या पटातून माझं काढते. मी इकडची होते महिन्यातून एकदा येऊन. काय बिघडलं?"

"येशील?"

मला हो म्हणता आलं नाही. रविवारी माझ्याकडे मंचरची संडे स्कूल असते, घरी सासूबाई असतात. मामांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि उठून चहा टाकला. पाठ माझ्याकडे होती तेव्हाच ते म्हणाले, "काट्यावरनं खाली उतर, बाय. लिही पोच."

संघाचं लेटरहेड माझ्या पिशवीत होतं. मी तिथेच बसून लिहिलं की सदर सभासद मंचर मंडळीत दाखल आहे, सही केली, बावीस वर्षांपूर्वीची तारीख घातली नाही, त्या दिवसाची घातली. त्यांनी ती दोनदा वाचली, आत जाऊन पट आणला आणि पट्टी धरून माझ्या नावावर रेघ मारली. आम्ही चहा घेतला. आलं जास्त झालं होतं. बाकी त्या दुपारचं मला फारसं आठवत नाही.

मेमधल्या सभेत मामांनी अकरा सलाम दिले. घंटी कुणी वाजवली नाही, कारण आता वाजवण्याइतका वेळच लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विलीनीकरणाचा ठराव वाचून दाखवला. वाचताना आवाज नीट होता, मधे कुठे अडखळले नाही. नंतर एक बाई मला म्हणाल्या, "सुमनताई, किती धीराने वाचलंत." धीर नव्हता. काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. हात मोजायला मी मान वर केली तर तिसऱ्या रांगेत मामांचा हात वर होता. मी लिहिलं, एकमताने मंजूर.

जून महिन्यात मामांनी दहा पत्रं लिहिली. कुणी ओतूरला गेलं, कुणी बेल्ह्याच्या मंडळीत, मार्थाबाई लेकीकडे आळेफाट्याला. प्रत्येकाची पोच मामांनी वसूल केली. चर्चची किल्ली संघाकडे जमा करायला ते मंचरला माझ्या घरी आले, तेव्हा किल्लीबरोबर एक अर्जही दिला. आपलं पत्र आपण लिहू नये असा नियम, दुसरे पंच आदल्या वर्षी वारले होते, आणि आता मंडळीच राहिली नव्हती. म्हणून संघाच्या कार्यकारिणीने ठराव करून लूकस यांचं पत्र ओतूर मंडळीला द्यावं, अशी चार ओळींची विनंती होती.

"घाईचं न्हाई," ते म्हणाले. "बैठकीत ठिवा."

बैठक तीन महिन्यांनी असते. ऑगस्टमध्ये कोरम झाला नाही. नोव्हेंबरच्या बैठकीत एका पाळकाच्या बदलीवरून दोन मंडळ्या हमरीतुमरीवर आल्या आणि साडेतीन तास त्यातच गेले. मामांचा अर्ज विषयपत्रिकेवर नववा होता. मी इतिवृत्तात लिहिलं, वेळेअभावी पुढील बैठकीत घ्यावा. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा लिहिलं आहे की हात ते आपोआप लिहितो. खरं सांगायचं तर त्या अर्जाकडे बघायला मला नको वाटायचं. फाइल उघडली की तो वरच असायचा आणि मी त्याच्या खालचा कागद घ्यायचे.

या दोन बैठकांच्या मधे, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, महिला मंडळाच्या कामाने मी ओतूरला गेले होते. प्रभुभोजनाचा रविवार होता. मामा शेवटच्या बाकावर, खिडकीकडे बसले होते, पांढरा सदरा, टोपी मांडीवर. भाकरीची थाळी त्यांच्या हातात आली. चाळीस वर्षं ज्या माणसाने ती थाळी वाडीतल्या बाकांमधून फिरवली होती त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि तशीच शेजारच्या बाईकडे दिली. मग प्याल्यांचा ट्रे आला. तोही तसाच पुढे दिला. शेजारची बाई गोंधळली, तिला वाटलं म्हाताऱ्याला कळलं नाही. तिने ट्रे परत त्यांच्यापुढे धरला. मामांनी मान हलवली आणि हात जोडले.

उपासना सुटल्यावर मी त्यांना स्टँडवर गाठलं. "मामा, घेतलं का नाही?"

"पाळकसाब काय म्हनले, ऐकलं न्हाई का तू? 'जे जे कोनत्याही मंडळीचे पूर्ण सभासद आसतील त्यांनी घ्यावं.' मी कोनत्या?"

"अहो, ती म्हणायची पद्धत असते. तुम्हाला कोण नको म्हणणार आहे?"

"नको कुनीच म्हननार न्हाई. म्हनून तर आपून बघायचं आसतं." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आसू दे. पत्र आलं की घेईन. तवर बसतो की ऐकत. पाळक तरना हाय पर चांगला बोलतो, लई लांबवत न्हाई."

"पुढच्या बैठकीत नक्की," मी म्हटलं. त्यांची एसटी आली. चढताना कंडक्टरने हात दिला तर त्याला म्हणाले, "सलाम, भाऊ." मी मंचरच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. घरी जाऊन आज अध्यक्षांना फोन करावा असं मला वाटलं होतं. घरी गेले तर सासूबाईंना ताप होता. मग दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा सुरू झाली.

डिसेंबरमध्ये, नाताळला बारा दिवस असताना, मामा गेले. सकाळी चुलीपुढे बसलेले तसेच कलंडले. शेजारच्या शेतकऱ्याने फोन केला, "ताई, तुमचं मामा गेलं. आमी पुण्याला पोराला बी कळवलंय. काय करायचं आसतं तुमच्यात ते सांगा, आमी सारी हाय हितं." आणि खरोखर सगळी वाडी होती. खड्डा त्यांनीच खणला होता. बंद चर्चची किल्ली मी नेली, मामांची शवपेटी तासभर आत ठेवली. बाकांवर धूळ होती म्हणून लोक उभेच राहिले. जुने सभासद सगळे आले, शेवंताबाईंना खुर्चीवर बसवून उचलून आणलं. पुण्याचा मुलगा रडत होता. मी गीतांची पुस्तकं वाटली, फुलं कुठे ठेवायची ते सांगितलं, पाळकांना पाणी दिलं. माझ्या हातून काही चुकलं नाही.

माती देऊन झाल्यावर ओतूरच्या पाळकसाहेबांनी दफनाची नोंदवही मोटारसायकलच्या सीटवर ठेवून उघडली. नाव लिहिलं, वय लिहिलं, पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"ताई, मंडळी कोणती लिहू? आमच्याकडे येत होते, पण पटात नाहीत. मी दोनदा म्हटलं त्यांना, नाव घालू का. म्हणाले, पत्र येऊ द्या."

मी वहीकडे बघत राहिले. मी बावीस वर्षं दोन मंडळ्यांची सभासद होते. मामा सात महिने एकाही मंडळीचे नव्हते, आणि तसेच गेले. त्यांचा अर्ज माझ्याच फाइलमध्ये पडून होता, हे मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही. ते भले गृहस्थ. म्हणाले, "असू द्या, रकाना मोकळा ठेवतो. बैठक झाली की भरू." त्यांनी वही मिटली. मला तेव्हा रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि ते येईल याची मी आता वाट बघत नाही.

फेब्रुवारीत कार्यकारिणीची बैठक मंचरला झाली. मी विषयपत्रिका करताना मामांचा अर्ज पहिला घेतला. एक सदस्य म्हणाले, "ताई, ते तर गेले. विषय निकाली काढू." मी म्हटलं, अर्ज आलेला आहे, वाचावा लागेल. मी वाचला. चार ओळी. बेल्ह्याच्या प्रतिनिधींनी सूचना मांडली, ओतूरच्या प्रतिनिधींनी अनुमोदन दिलं, कुणाचीही हरकत नव्हती. मी पत्र आधीच लिहून नेलं होतं. अध्यक्षांनी सही केली, मी शिक्का मारला. मग अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नव्हती.